कुंभारीचं वळण

गाडी चार बोटं उंच झाली होती, आणि उदयसिंह आणि सणाला आलेल्या दोघी सोडल्या तर ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती.

जुळे सोलापुरातल्या बंगल्याच्या अंगणात ती कालपासून ताडपत्रीखाली झाकलेली होती. एरवी ती उघडीच असायची. निळी, दोन दारांची, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की दूधवाला तिला बसकी गाडी म्हणायचा. उदयसिंह पंधरवडाभर अकलूजला ऊसलागणीच्या गडबडीत होते आणि जाताना गाडी सर्व्हिसिंगला रुद्रप्पाच्या गॅरेजात सोडून गेले होते. त्यांच्या मुलाला, शिवराजला, तेवढी संधी पुरली. बापाबरोबर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवणाऱ्या या पोरानं बापाला न विचारता आजवर एक नट मागवला नव्हता. आता त्यानं बापाची अख्खी गाडीच वर उचलून ठेवली होती.

काल संध्याकाळी उदयसिंह थोरल्या बहिणीला, मुक्ताबाईंना, सणासाठी अकलूजहून घेऊन आले होते. लेक अंकिता पुण्याहून आली होती. आणि आज खंडेनवमी.

या घराची खंडेनवमीची एक रीत होती. वाहनाची पूजा झाली की जिनं त्याला ओवाळलं तिनंच त्यात पहिल्यांदा बसायचं आणि जवळच्या देवापर्यंत जाऊन यायचं. त्याआधी दुसऱ्या कुणी आत पाय ठेवायचा नाही. रीत सुरू झाली तेव्हा वाहन म्हणजे बैलगाडी होती, त्यामुळं बसण्याचा प्रश्न कुणाला पडला नव्हता. वैजयंतीबाई नव्या नवरी होत्या त्या साली ट्रॅक्टरला ओवाळून त्याच्या मडगार्डवर बसल्या होत्या, हिरवा शालू सावरत, आणि सगळ्या आळीनं ते बघितलं होतं. पण ही निळी गाडी आली आणि रीत अडली. गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून वैजयंतीबाईंना तेवढं खाली बसणं होईना. गेली दोन वर्षं सून चैतालीनं ओवाळलं आणि चैतालीच बसून गेली. वैजयंतीबाई दारात तबक घेऊन उभ्या राहिल्या, हसऱ्या तोंडानं. आत काय चाललं होतं ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही.

आज त्यांनी पहाटेच केस धुतले होते. निळ्या काठाची पुणेरी साडी नेसल्या होत्या. काल शिवराजनं गुपचूप ताडपत्री उचलून त्यांना सीटवर बसवून बघितलं होतं, आणि त्या बसल्या होत्या. कुणाचा हात न धरता. त्या आनंदात त्यांना रात्रभर नीट झोप लागली नव्हती.

"आप्पा, डोळे मिटा की जरा," शिवराज म्हणाला.

"का? माझं लगीन लावतोस काय?" उदयसिंह म्हणाले, पण मिटले.

शिवराजनं ताडपत्री ओढली. सगळ्यात आधी बोलल्या त्या मुक्ताबाई.

"आगं बया, ही तर उभी ऱ्हायली की."

उदयसिंहांनी डोळे उघडले. गाडीभोवती एक फेरी मारली. मग पुढच्या चाकाजवळ वाकून, चाक आणि वरचा पत्रा यांच्या फटीत हात घातला. तिथं पूर्वी कशीबशी दोन बोटं जायची. आता मूठ गेली.

"स्प्रिंगा बदलल्यात," शिवराज भराभरा सांगू लागला. "उंच टाकल्यात अन् मऊ. सीटखाली ठोकळे दिलेत. आता एक स्पीडब्रेकर पोटाला लागत नाही बघा. मी स्वतः आसरा चौकापर्यंत नेऊन बघितली. एकदम घरच्या गाडीसारखी चालतीय. आणि मुख्य म्हणजे, आई बसू शकते."

उदयसिंहांनी मान वर केली. वैजयंतीबाई तबक घेऊन उभ्या होत्या. निरांजनाची वात अजून लावायची होती, पण चेहरा आधीच उजळला होता. लग्नानंतर ट्रॅक्टरवर बसताना होता तो चेहरा. उदयसिंहांना तो चेहरा फार आवडायचा आणि अलीकडं फार कमी दिसायचा.

"झकास केलंस रे," ते पोराला म्हणाले. "लई झकास."

पूजा झाली. झेंडूच्या माळा बांधल्या, चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला. वैजयंतीबाईंनी गाडीला ओवाळलं, बॉनेटवर अक्षता टाकल्या, साडीचा काठ उचलला आणि आत बसल्या. चैतालीनं टाळ्या वाजवल्या. शिवराजनं दार लावून दिलं आणि खिडकीवर हात ठेवून तो क्षणभर तसाच उभा राहिला.

अंकिता मात्र चाकाकडं बघत होती.

*

देव म्हणजे कुंभारी गावाच्या पलीकडचा म्हसोबा. शहरात रूपाभवानीला आज मुंगी शिरायला जागा नसणार, हे एक कारण. खरं कारण वेगळं होतं, आणि ते फक्त नवराबायकोला माहीत होतं. कुंभारी ओलांडली की डावीकडं एक जुना रस्ता फुटतो. त्यावर म्हसोबाच्या दगडाशेजारून एक लांबलचक वळण जातं, तळ्याला धरून. त्या वळणासाठी उदयसिंहांनी ही गाडी घेतली होती असं म्हटलं तरी चालेल.

ऐन उमेदीत उदयसिंह श्रीपूरच्या कारखान्यावर ऊस घालायचे. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, पहाटेची थंडी, आणि कारखान्याबाहेरची न संपणारी रांग. त्या रांगेत बसून त्यांच्या मनात एकच यायचं, की एकदा मागं काही ओढायचं नसलेली गाडी चालवायची. मग ट्रॉल्या सुटल्या, पण ओढायचं सुटलं नाही. बहिणींची लग्नं, दुकान, सोलापुरातलं घर, पोरांची शिक्षणं. साठीला टेकल्यावर एके दिवशी ते पुण्याला गेले आणि एका डॉक्टरची वापरलेली निळी गाडी चालवत परत आले. मागं सीटच नसलेली. घरच्यांना वाटलं, यांचं डोकं फिरलं.

आणि खरं सांगायचं तर ती गाडी होतीच तशी गैरसोयीची. स्पीडब्रेकर आला की उदयसिंह ती तिरकी करून एकेक चाक वर चढवायचे, आणि मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून त्यांच्या सात पिढ्या काढायचे. पावसाळ्यात घरासमोर पाणी साचलं की ती दोन दिवस अंगणातच. चैताली एकदा तीतून भाजीला गेली होती. "कोथिंबीर मांडीवर धरून आणली मी," असं ती अजून येईल त्याला सांगते.

पण रविवारी सकाळी ती गाडी कुंभारीच्या वळणाला लागली, की उदयसिंहांच्या हातांना रस्त्यातला खडा न् खडा कळायचा. शेजारी वैजयंतीबाई असायच्या. पहिल्या रविवारी त्यांनी दाराची मूठ धरून देवाचं नाव घेतलं होतं. आणि मग वळणाच्या ऐन मध्यावर, कोण जाणे काय झालं, त्या हसल्या. मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. तेव्हापासून दर रविवारी दोघं जायचे. वळण घ्यायचे, पुढच्या टपरीवर चहा प्यायचे, परत यायचे. घरी सांगायचे, म्हसोबाला जाऊन आलो.

पुढं गुडघे दुखू लागले. एका रविवारी सात रस्त्याजवळच्या हॉटेलापुढं वैजयंतीबाईंना गाडीतून उठताच येईना. दोन वेटरांनी काखेत हात घालून ओढलं. साडीचा पार बोळा झाला, चप्पल आतच राहिली, आणि फुटपाथवरच्या कुणीतरी मोबाइल काढला. त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं की या गाडीत पुन्हा बसणार नाही. ऑपरेशनं झाली, गुडघे चालते झाले, डॉक्टर म्हणाले आधार घेऊन जपून बसलात तर हरकत नाही. पण त्या बसल्या नाहीत. हॉटेलाचा विषय घरात कुणी काढायचा नाही, हेही आपोआप ठरून गेलं.

आज ती गाडी चालली होती आणि त्या तिच्यात होत्या. पहिला स्पीडब्रेकर आला. उदयसिंहांनी सवयीनं गाडी तिरकी केली, मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती सरळ केली. गाडी अलगद वर गेली, अलगद खाली आली.

"काय छान गेली," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"व्हय. काय कळलंच न्हाय."

कुंभारी गेली. डावीकडचा रस्ता आला. दूर तळ्याचं पाणी चमकलं. वैजयंतीबाईंनी नकळत दाराची मूठ धरली आणि नवऱ्याच्या हातांकडं बघितलं. ते हात त्यांना पाठ होते. वळण जवळ आलं की ते सैल पडायचे, स्टिअरिंग नुसतं बोटांवर धरायचे. आज त्यांनी ते घट्ट आवळलं होतं. दवाखान्यात नेताना धरलं होतं, तसं.

वळण आलं. गाडी एका अंगावर कलली, झुलली, विचार करत करत सरळ झाली. उदयसिंहांनी वेग आधीच कमी केला होता. म्हसोबा मागं गेला. वळण संपलं, आणि वैजयंतीबाई हसल्या नव्हत्या. हसायचं काही झालंच नव्हतं.

"ऐसपैस वाटतं नव्हं?" उदयसिंहांनी विचारलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "बसायला लई सोयीचं हाय."

मग टपरीवर दोघांनी चहा घेतला. त्या स्वतःच्या पायांनी उतरल्या आणि स्वतःच्या पायांनी बसल्या. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात आलं होतं. तरी परत येताना त्यांचा जीव इतका का कासावीस होत होता ते त्यांना घरच्या वळणापर्यंत कळलं नाही.

*

दुपारी पुरणपोळीची पानं वाढली तेव्हा अंकिताचं पान रिकामं होतं. आता गाडीत कुणीही बसायला मोकळं होतं, म्हणून ती किल्ली घेऊन गेली होती. पुण्यात तिच्याकडं ऑटोमॅटिक गाडी होती. रोज सकाळी तीत बसून ती दीड तास मुंगीच्या गतीनं कामावर जायची, आणि त्या दीड तासात तिला कित्येकदा आप्पांच्या गाडीचा गिअर आठवायचा. तो टाकताना होणारा खट आवाज. सोलापूरला यायची ती आईवडलांसाठी यायची, पण त्यात या गाडीचाही वाटा होता.

ती आली आणि किल्ली तिनं शिवराजच्या पानाशेजारी ठेवली.

"काय केलंस तू हे?"

"काय केलं?" शिवराज म्हणाला.

"मारून टाकलीस की तू ती गाडी. स्टिअरिंग फिरवलं की गाडी आधी कलते, मग वळते. ब्रेक मारला की नाक खाली घालते. रस्ता कळतच नाही. ही आप्पांची गाडी राहिली नाही रे, सगळ्यांच्या गाडीसारखी गाडी झाली."

"सगळ्यांच्या गाडीत सगळ्यांची आई बसते," शिवराज म्हणाला. त्याचा आवाज चढला. "तू वर्षातनं तीनदा येतेस, एक चक्कर मारतेस अन् जातेस. इथं राहून बघ की. दोन वर्षं आई दारात उभी राहून आप्पांना हात करते. मी बघतो ते. तू नाही बघत."

"मग दुसरी गाडी घ्यायची होती आईला. ही कशाला बिघडवलीस?"

"आईला दुसरी गाडी नको होती, अंकिता. दुसरी गाडी दारात आहेच की."

हे खरं होतं. घरात सात सीटची पांढरी गाडी होती. वैजयंतीबाई तीत लग्नाला जायच्या, देवाला जायच्या, बाजारात जायच्या. तीत बसायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं.

चैतालीनं पानात पोळी टाकत अंकिताला म्हटलं, "ताई, यांनी पंधरा दिवस रुद्रप्पाकडं खेटे घातलेत. बाकी काही म्हणा, पण यांच्या मनात काय होतं ते तरी बघा."

"मनाचं मी कुठं काय म्हणते, वहिनी? मी गाडीचं म्हणते."

"आप्पांना विचार की मग," शिवराज म्हणाला. "आप्पा, सांगा. बिघडवली का मी?"

उदयसिंहांनी पोळीवर तूप घेतलं. सगळे त्यांच्याकडं बघत होते, आणि त्यांना त्या क्षणी श्रीपूरच्या रांगेत जाऊन बसावंसं वाटलं. तिथं निदान कुणी काही विचारत नव्हतं.

"बरी हाय की," ते म्हणाले. "राहू दे आता. तुजी आई बसती, यात सगळं आलं."

शिवराजनं बापाकडं बघितलं आणि त्याला कळलं. दुकानात खराब माल आला, की आप्पा ओळखीच्या माणसाला असंच 'बरं हाय' म्हणायचे. त्यानं पान पुढं सारलं.

"त्या गाडीत माझ्यासाठी जागाच नव्हती," तो हळूच म्हणाला. "मी तक्रार नाही केली. तुम्ही दोघं रविवारी जायचा, मी फाटक उघडायचो. मला वाटलं, बसायला नाही तर नाही, निदान ती चालती करून द्यावी परत. तुम्हा दोघांची."

मुक्ताबाईंनी एवढा वेळ मुकाट्यानं जेवण चालवलं होतं. आता त्यांनी भावाकडं मोहरा वळवला.

"उदय, लहानपनी तुला ताप आला की तू असंच म्हणायचास. बरं हाय आक्का, बरं हाय. अन् अंग तव्यागत तापल्यालं. पोरगं इचारतंय ते सांग की खरं."

"काय सांगू, आक्का?"

"मला सांगा," वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांनी ताट बाजूला केलं होतं. "वळनावर काय झालं ते मला सांगा. म्या बघत हुते तुमच्या हाताकडं."

उदयसिंहांनी बायकोकडं बघितलं. तिच्याशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. न बोलायची मात्र होती.

"ट्रॉल्या जादा भरल्या की ट्रॅक्टरचं तोंड उचलायचं बघ," ते म्हणाले. "पुढची चाकं नुसती रस्त्यावर टेकल्यागत. स्टिअरिंग फिरवा न्हायतर नका फिरवू. तसं झालं. पन काय बिघडत न्हाय. मी हळू चालवीन. तू बसतीस ना शेजारी, मला तेवढं पुरं हाय."

"मला न्हाय पुरं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "मला कुटं नुसतं बसायचं हुतं? बसायला सोफा हाय की."

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांनी ते पुसले नाहीत. त्या उठल्या, मोबाइल घेतला आणि सगळ्यांसमोर रुद्रप्पाला फोन लावला.

"रुद्रप्पा, जुन्या स्प्रिंगा ठेवल्यात का टाकल्या?"

"ठिवल्यात की वैनी," पलीकडून आवाज आला. "का, काय झालं? गाडी बराबर न्हाय काय?"

"गाडी खाली करायची परत. आज येतोस?"

रुद्रप्पा समजुतीच्या सुरात म्हणाला, "आज कसं होईल वो वैनी? खंडेनवमी हाय की. पाने, जॅक, सगळं पूजेत मांडलंय. त्या स्प्रिंगास्नी बी कुंकू लावलंय. उद्या दसरा होऊ द्या. परवा सकाळी पहिली तुमचीच गाडी घेतो बघा."

फोन ठेवल्यावर शिवराज खाली मान घालून बसला होता. "आई, मग तू?" त्यानं विचारलं.

"माजं मी बगंन," त्या म्हणाल्या. पण काय बघणार होत्या, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

*

उन्हं कलल्यावर वैजयंतीबाई अंगणात आल्या. उदयसिंह गाडीवरच्या झेंडूच्या पाकळ्या वेचत होते.

"चला," त्या म्हणाल्या.

"कुटं?"

"सकाळी गेलो तितंच. परवापासनं मला बसता यायचं न्हाय. आज येतंय तर एकदा जाऊन येऊ."

फाटक शिवराजनं उघडलं. नेहमीप्रमाणं.

कुंभारी गेली. डावीकडचा रस्ता आला. उदयसिंह गाडी अगदी हळू चालवत होते. म्हसोबा दिसायला लागला तसं त्यांनी ती बाजूला घेऊन थांबवली. समोर वळण होतं आणि त्याच्या कडेनं तळं. दोन म्हशी पाण्यातून बाहेर निघत होत्या.

"मला सांगा," वैजयंतीबाई म्हणाल्या. "ती गाडी असती तर हितं काय झालं असतं? एकेक करून सांगा. मी डोळं मिटते."

"काय गं हे."

"सांगा की. परवापासनं तुमी एकटं येनार. मला घरी बसून कळाय नको?"

उदयसिंहांनी गाडी सुरू केली. बैलगाडीच्या वेगानं ते वळणाकडं निघाले आणि सांगू लागले. आधी अडखळत, मग सरळ.

"हितं रस्ता जरा उतरतो. हितं मी दुसरा गिअर टाकायचो. खट करून बसायचा. आता स्टिअरिंग जड होतंय. म्हंजे टायरांनी रस्ता धरला. आता सगळं वजन तुज्या अंगावर यायलंय, उजवीकडनं. डाव्या हाताला तळं. हितं डांबर उखडलंय, ते बुडाखाली कळायचं. आता पाय हलकासा सोडायचा. अन् हितं..."

ते थांबले.

"हितं काय?" डोळे न उघडता वैजयंतीबाईंनी विचारलं.

"हितं तू हसायचीस."

गाडी चालत राहिली. वळण संपलं तेव्हा वैजयंतीबाईंनी डोळे उघडले आणि नवऱ्याकडं बघितलं.

"मी नसताना?" त्यांनी विचारलं. "दोन वरीस एकटं येताय. तवा काय व्हायचं हितं?"

"काय न्हाय."

"काय न्हाय म्हंजे?"

"मी येतच न्हाय हितवर," उदयसिंह म्हणाले. "कुंभारीत वडाखाली थांबतो जरा, अन् माघारी फिरतो. तुला वाटायचं मी मजेत हाय. मी बी तसंच वाटू दिलं. शेजारची सीट मोकळी असली की ते वळन नुसतं वळन हाय बघ. कुनाला बी घेता येईल."

वैजयंतीबाई समोर बघत राहिल्या. दोन वर्षं दर रविवारी त्यांनी फाटकात उभं राहून या माणसाचा हेवा केला होता. तो गेला की त्या स्वयंपाकघरात जाऊन मनातल्या मनात कुंभारी गाठायच्या, वळण घ्यायच्या. आणि हा तिथं पोचतच नव्हता. मनातल्या त्या वळणावर त्या एकट्याच असायच्या. त्यांना स्वतःची कीव आली, त्याची आली, आणि मग दोन वेटरांची आणि त्या फुटपाथवरच्या मोबाइलची आठवण आली. ती आठवण एवढी लहान कशी काय झाली होती, ते त्यांना कळेना.

"परवा रुद्रप्पा गाडी खाली करंल," त्या म्हणाल्या.

"करू दे. तू म्हनशील तसं."

"मग रविवारी मी बसनार हाय तिच्यात."

"अगं, पन—"

"बसायचं सोपं असतं. खुर्ची आनायची शेजारी, धरायचं, अन् सोडून द्यायचं अंग. बसायला कंदी कुनी अडलंय? उटायला अडतं." त्यांनी पदर सारखा केला. "चला आता. दिवा लावायची येळ झाली."

घरी पोचेतो दिवे लागले होते. अंकिता ओसरीवर मुक्ताबाईंच्या पायाला तेल लावत होती. शिवराजनं फाटक उघडलं, गाडी आत आली, तो फाटक लावून आत जायला निघाला. दुपारच्या जेवणापासून तो कुणाशी धड बोलला नव्हता.

वैजयंतीबाईंनी दार उघडलं. पाय बाहेर टाकले. उंच केलेल्या त्या सीटवरून त्यांना सहज उठता आलं असतं. आज दिवसभरात त्या दोनदा उतरल्या होत्या, कुणाला हाक न मारता. पण त्या उठल्या नाहीत.

"शिवराज," त्यांनी हाक मारली. "ये हिकडं."

तो आला.

"रविवारी सकाळी दुकानाकडं जायचं न्हाय आता. आमी परत येऊपर्यंत घरी थांबायचं."

"का?"

"मला भाईर काढायला तू लागशील. वेटरची कामं हायती ही." त्यांनी दोन्ही हात त्याच्याकडं पसरले. "आज सवय करून घे. ओढ."

शिवराजनं आईचे दोन्ही हात धरले.